घरात राहणाऱ्यास

७ जून २०११, मंगळवार

पत्र आलं. पाकिटावर क्लेमचं नाव नाही. माझंही नाही. वर छापलंय — 'घरात राहणाऱ्यास'.

माझ्या क्लेमला जाऊन एकोणीस दिवस झाले. सरकारी हाउसिंगच्या ऑफिसला एवढ्या दिवसांत हेच सुचलं! 'सदर फ्लॅटचे भाडेकरू मयत झाले असून आमच्या नोंदींनुसार तेथे अन्य कोणीही राहत नाही. तरी जो कोणी राहत असेल त्याने अठ्ठावीस दिवसांत फ्लॅट रिकामा करावा.' म्हणजे इथे कुणी राहत नाही, आणि जो राहत नाही त्याने चालतं व्हावं! वा रे अक्कल!

फाडणार होते. फाडलं नाही. चहाच्या डब्याखाली ठेवलं.

समोरच्या दारातली नुरजान मसुराच्या सुपाचं पातेलं घेऊन आली. क्लेम गेल्यापासून रोज येते, नको म्हटलं तरी. तिने चष्मा लावून पत्र वाचलं आणि तुर्कीत एक शिवी हासडली.

"मर्ना, आता काय गं?"

"आता काय म्हणजे? मी कुठेही जाणार नाही. हे माझं घर आहे."

"कागदावर नाही ना पण."

ते खरं आहे. कागदावर मी कुठेच नाही. आणि हे माझं मीच करून ठेवलंय.

८ जून

लाँड्रीच्या दुकानात कामावर सतरा शर्टांना इस्त्री केली. अठराव्याची कॉलर जाळली. पंचवीस वर्षांत पहिली.

११ जून, शनिवार

आज नुरजानने तोंडावर विचारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "तू नाव का नाही लावलंस गं घराला? लपूनच का राहिलीस?"

तिला म्हटलं, तुला काय करायचंय. ती सूप ढवळत राहिली. मग सांगितलं.

बालगृहात माझ्या झोपायच्या झग्यावर नंबर होता. एकतीस. नावाने कुणी हाक मारायचं नाही, पण फाइल मात्र नावाची. पन्नाशी ओलांडल्यावर ती फाइल मागवून घेतली. कायदा झाला होता म्हणे, आमच्यासारख्यांना आपापली फाइल बघता येते. बघितली! 'मर्ना हॉस्किंग. वय सहा. आळशी. खोटं बोलते. अंथरूण ओलं करते. जीव लावावा असं काही नाही.' सहा वर्षांच्या पोरीबद्दल! लिहिणारीच्या हाताला काही झालंही नसेल.

त्या दिवशी ठरवलं — ह्यापुढे कुठल्याही ऑफिसच्या फायलीत मर्ना हॉस्किंग सापडायची नाही. पेन्शनसुद्धा मागितली नाही. लोक खुळी म्हणतात. म्हणेनात का!

४ मार्च २००२ला मी एक तपकिरी बॅग आणि माझी इस्त्री घेऊन इथे अकराव्या मजल्यावर राहायला आले. दारातच क्लेमला सांगितलं, "तुझ्या ऑफिसच्या कागदावर ज्या दिवशी माझं नाव दिसेल ना, त्या दिवशी ही बॅग उचलून चालू लागेन." तो म्हणाला, "बरं, म्हातारे." बस्स. दुसरा प्रश्न नाही. ट्रामवर तीस वर्षं कंडक्टर होता. रस्त्यात भांडत बसायचं नाही हे त्याला ठाऊक होतं.

भाड्याचंही होतंच. घरात दोन कमावणारे म्हटलं की हाउसिंगवाले भाडं वाढवतात. ह्या टॉवरमध्ये निम्म्या घरांत एखादा माणूस असा कागदाबाहेरचा असतो. म्हणून मजल्यावरच्या सगळ्यांना पढवून ठेवलेलं — कुणी विचारलं तर क्लेम एकटाच राहतो.

दर वर्षी तपासणीला डेस यायचा. हाउसिंगचा माणूस, जाडा, दम्याचा. आठवडाभर आधी कागद यायचा. त्या दिवशी माझा टूथब्रश, सपाता, अंगातले कपडे, इस्त्री — सगळं उचलायचं आणि नुरजानच्या बाथरूममध्ये टबच्या कडेवर तासभर बसायचं. थंडीने बूड गोठायचं! परत आलं की टेबलावर तीन कप. दोन रिकामे, तिसरा भरलेला आणि गार. दर वर्षी! मी ओरडायचे, "कप तिसरा कशाला? पकडून देणारेस का मला?" तर म्हणे, "मोजायला चुकलो, म्हातारे." आयुष्यभर तिकिटं मोजली आणि कप मोजता येत नाहीत!

नुरजान म्हणाली, "माणूस गोड होता." मग माझ्या कपाटावरच्या तपकिरी बॅगेकडे बघून म्हणाली, "ती अजून तिथेच का ठेवलीयस? मला तरी दे. सप्टेंबरमध्ये गावी इझमीरला जायचंय, माझ्या बॅगेची चेन तुटलीय."

नाही दिली. ती बॅग तिथेच राहणार.

१४ जून, मंगळवार

नुरजानने एक पत्रक आणलंय. 'कायद्याचा मोफत सल्ला. दर गुरुवारी. लायब्ररीच्या मागे.'

म्हटलं, फुकट तर बालगृहातही मिळायचं. लापशी. पुन्हा नको.

"लापशी नाही, वकील आहे," नुरजान म्हणाली. "माझ्या भाचीचा घरमालक लिफ्टच्या खर्चासाठी तिला पिळत होता, त्याला इथल्या पोरीने असं झापलं की गुपचूप बसला. चल."

येत नाही म्हटलं की नुरजान वाद घालत नाही. ती दारात बूट घालून उभी राहते. उद्यापासून उभी राहणार, मला माहीत आहे.

१६ जून, गुरुवार

गेले. उठून परत आले.

छोटी खोली, हीटर एक, माणसं चौदा. एक सोमाली बाई लेकराला खडू देऊन बसवत होती. एक म्हातारा विजेची बिलं मांडीवर लावत होता. माझा नंबर आला. वकीलबाईचं नाव लेसिएली, टोंगा बेटांवरची, तिशीची असेल, खांदे माझ्या दुप्पट. टेबलावर अर्धा खाल्लेला डबा — टॅरो, म्हणजे अळूचा कंद, आणि खारवलेलं कॉर्न्ड बीफ. मला तिथपर्यंत काही वाईट वाटलं नव्हतं.

मग म्हणाली, "बसा. आधी नाव सांगा."

म्हटलं, "नाव कशाला? अडचण सांगते."

"नाव लागेलच. तुमच्या विरुद्ध बाजूचं काम आम्ही आधीच घेतलेलं नाही ना, हे बघितल्याशिवाय मी तुमचं एक अक्षर ऐकू शकत नाही. तुमच्याच भल्यासाठी आहे."

"माझ्या भल्यासाठी बऱ्याच जणांनी माझं नाव लिहून घेतलंय!"

"मग मी काय म्हणून हाक मारू?"

"घरात राहणारी म्हणा. तुमच्या सरकारने तेच नाव ठेवलंय."

हसली नाही. म्हणाली, "बाहेर अकरा जण थांबलेत. नाव सांगावंसं वाटलं की या. मी दर गुरुवारी इथेच असते." आणि दार उघडून उभी राहिली! मला वाटलं होतं मनधरणी करेल. फुकटचे वकील इतके ताठ असतात हे ठाऊक नव्हतं.

नुरजानने ट्राममध्ये ते पत्रक घडी करून माझ्या खिशात घातलं. तेच जास्त लागलं.

१७ जून

अठराच दिवस उरले.

२३ जून, गुरुवार

पुन्हा गेले. नाव सांगितलं. इतक्या हळू की लेसिएली म्हणाली, "काय?"

मग ओरडलेच — "मर्ना हॉस्किंग!" सगळी वेटिंग रूम वळून बघायला लागली. विजेच्या बिलांच्या म्हाताऱ्याने टाळी वाजवली, बावळट कुठला.

तिने कॉम्प्युटरवर बघितलं. विरुद्ध कुणी नाही. मग सगळं ऐकलं. फाइलची गोष्ट सांगताना पेन खाली ठेवलं. ते मला आवडलं.

शेवटी म्हणाली, "मर्ना, आता नीट ऐका. नऊ वर्षं तिथे राहिलात हे सिद्ध केलंत, तर घर तुमच्या नावावर मागायचा रस्ता उघडतो. पण त्याच तोंडाने तुम्ही कबूल करता की नऊ वर्षं ऑफिसपासून लपलात. ते भाड्याचा फरक मागतील. लपलात म्हणून घरही नाकारू शकतात."

"आणि गप्प बसले तर?"

"तर घर जाणारच. तुम्ही कुठे जाल?"

कुठे जाणार! बहीण नाही, भाऊ नाही. ह्या शहरात आठवड्याच्या इस्त्रीवर भाड्याने खोली मिळेल, तर ती गाडीच्या डिकीएवढी.

म्हटलं, "खरं सांगायचं. पुढचं पुढे."

तिने एक अर्ज पुढे केला. ह्या फ्लॅटची जुनी कागदी फाइल ऑफिसकडून मागवायची, काही ना काही सापडेल म्हणाली. मी म्हटलं, सापडायला मी तिथे असले तर पाहिजे ना! तरी सही केली.  

२८ जून, मंगळवार

आज हसावं की रडावं.

लेसिएलीला शेजाऱ्यांचे जबाब हवेत. तिने दोन दारं सोडून राहणाऱ्या थुआनला फोन केला. थुआन म्हणजे आमच्या मजल्याचा सगळ्यात सज्जन माणूस. क्लेमबरोबर रोज पत्ते, माझ्या हातचे स्कोन, चहाबरोबरचे गोड पाव, गेली नऊ वर्षं खातोय. तर हा पठ्ठ्या फोनवर म्हणतो काय — "क्लेम? एकटाच राहायचा. बाई? कुठली बाई? मी कधी कुठली बाई पाहिली नाही."

लेसिएलीने विचारलं, "मर्ना हॉस्किंगना ओळखता?"

"नाव ऐकलेलं नाही."

मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. "थुआन! अरे ती माझी वकील होती!"

तो पांढराफटक पडला. "मला वाटलं ऑफिसची माणसं. तूच सांगून ठेवलंयस ना, कुणीही विचारलं तरी! मी तर ट्रॅफिक पोलिसालासुद्धा सांगितलं असतं."

नऊ वर्षं शिकवलं ते इतकं पक्कं बसलंय! मी सगळ्यांना मला न ओळखायला शिकवलं. आता ओळखा म्हणून दारोदार फिरतेय. थुआनची बायको म्हणाली, "नऊ वर्षं खोटं बोललो असं सांगितलं, तर आमच्या घराचं काय?" तिचंही बरोबर आहे. तिचा भाऊ आतल्या खोलीत झोपतो, तोही कागदाबाहेरचा.

कुणाला जबरदस्ती करणार नाही म्हटलं. बोलताना आवाज चढलेला होता, पण म्हटलं.

५ जुलै, मंगळवार

अठ्ठाविसावा दिवस.

सकाळी उठून लॅमिंग्टन केले. चॉकलेट, खोबरं, सगळं पद्धतशीर. जायचं नसलेल्या माणसाने केक करावा.

अकरा वाजता दार वाजलं. ह्या घराचं दार वाजल्यावर मी आजवर कधी उघडलेलं नाही. पाय आपोआप नुरजानकडे निघाले होते! थांबले. एप्रन झटकला. उघडलं.

ऑफिसचा माणूस. कोवळा, नवा कोट, गळ्यात ओळखपत्र. डेस दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, तेव्हापासून तपासणीला कुणी फिरकलं नाही.

"तुम्ही कोण?"

"घरात राहणारी. मर्ना हॉस्किंग. लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं! माझ्या डोळ्यांदेखत. दाराची कडी धरून उभी राहिले. म्हणाला, फ्लॅट रिकामा नसेल तर प्रकरण ट्रायब्युनलकडे, म्हणजे घरांच्या तंट्यांच्या कोर्टाकडे, जाईल. म्हटलं, जाऊ दे की. लॅमिंग्टन खाणार का? म्हणाला, घ्यायची परवानगी नाही.

डेस चार-चार बिस्किटं खायचा म्हणे.

१४ जुलै, गुरुवार

तारीख लागली. ९ ऑगस्ट.

लेसिएलीकडे आता नुरजानचा जबाब आहे, माझ्या दुकानमालकाची चिठ्ठी आहे. पुरेसं नाही, म्हणते. ऑफिसने जुनी फाइल अजून दिलेली नाही, दोनदा आठवण केली. "दूरच्या गोदामात आहे, शोधतोय" — हेच उत्तर.

मग म्हणाली, "त्या काळातलं तुमच्या हातचं काही लिहिलेलं आहे?"

मी पटकन म्हणून गेले, "वह्या आहेत." आणि जीभ चावली.

"कसल्या वह्या?"

"कसल्याही असोत."

"मर्ना, रोजनिशी असेल तर त्यात तारखा असतील. तपासणीचे दिवस. आजारपण. रोजचं जगणं. ह्याहून चांगला पुरावा मला मिळणार नाही."

माझ्या वह्या! क्लेमनेही कधी उघडल्या नाहीत. त्यावर कुणाचा तरी शिक्का बसणार, नंबर पडणार, एक कोटवाला त्यातून बोट फिरवणार. एकतीस नंबर पुन्हा. मी उठले. "मेले तरी देणार नाही. घर गेलं तरी चालेल."

"चालेल?" एवढंच विचारलं तिने.

दार आपटून आले. ट्राम चुकली. पावणेदोन मैल चालले.

१७ जुलै, रविवार

वह्या काढल्या. नऊ वर्षांच्या नऊ. पहिल्या पानावर 'नाव' अशी छापील ओळ असते, ती नऊही वह्यांत कोरी.

वाचत बसले. काय काय लिहिलंय! 'क्लेमने मटणाचे चॉप करपवले.' 'तपासणी. टबवर बसून पाठ धरली.' 'मी आल्यापासून क्लेमची शनिवारची पबची बिअर बंद, तंबाखूही बंद. मजल्यावरच्या बायका म्हणतात मर्नाने माणूस सुधारला. आहेच मुळी.' 'लिफ्ट बंद. क्लेम अकरा मजले चढून आला आणि बोलेना. डॉक्टरकडे नेलं. हृदय.'

आणि ह्या चालू वहीत, ह्या वर्षीचा १९ मे. फक्त दोन शब्द. ते इथे पुन्हा लिहिणार नाही.

बालगृहाच्या फायलीत दुसऱ्यांनी माझ्याबद्दल लिहिलं. ह्यात मी लिहिलंय. हा फरक मला आज कळला, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी!

२१ जुलै, गुरुवार

लेसिएलीला सांगितलं. वह्या देणार नाही. मी स्वतः उभी राहून वाचेन. माझ्या तोंडाने, माझ्या चष्म्याने.

ती म्हणाली, "समोरच्या बाजूला बघायचा हक्क असतो."

"बघू देत. पान मी उलटणार."

तेव्हा हसली, पहिल्यांदा. म्हणाली, "पाच वर्षांत माझ्यावर अटी घालणारं अशील आलं नव्हतं." डब्यातला टॅरोचा तुकडा मला दिला. बेचव आहे. खाल्ला.

८ ऑगस्ट, सोमवार

उद्या. निळा कोट इस्त्री केला. नुरजानने जबरदस्तीने तिची टोपी दिलीय. मी त्यात मशरूम दिसते.

थुआनने दारात गाठलं. फक्त विचारलं किती वाजता आहे. सांगितलं. तर नुसती मान हलवून गेला.

९ ऑगस्ट, मंगळवार

सगळं लिहून ठेवते, विसरायच्या आत.

खोली साधीच. निवाडा करणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, सर्दी झालेली. ऑफिसतर्फे तोच कोवळा कोटवाला. तो म्हणाला, "आमच्या कॉम्प्युटरवर ह्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या कुणाचंही नाव नाही. आणि ह्या बाई खरोखर तिथे राहत असतील, तर त्यांनी नऊ वर्षं ऑफिसला फसवलं." म्हणजे राहत नव्हते तरी जा, राहत होते तरी जा!

लेसिएली बोलली. शांतपणे, एकेक मुद्दा. मग मला म्हणाली, "मर्ना."

उठले. टोपी काढून ठेवली. म्हटलं, "माझं नाव मर्ना हॉस्किंग. मी चार मार्च दोन हजार दोनपासून अकराव्या मजल्यावर राहते. हो, लपले. दर तपासणीला समोरच्या घरात टबवर बसले. भाडं वाचावं हेही होतंच, मी काही संत नाही. पण खरं कारण — मला कुणाच्या फायलीत जायचं नव्हतं. एकदा जाऊन आलेय."

कोटवाला म्हणाला, "म्हणजे फसवणूक कबूल आहे."

"राहणं कबूल आहे!" मी म्हटलं. "नऊ वर्षं त्या माणसाच्या गोळ्या मोजल्या, त्याचे पाय चोळले, तो गेला तेव्हा हात माझ्या हातात होता. तुमच्या कॉम्प्युटरवर नसेल तर कॉम्प्युटर चुकलाय. फरक काय असेल तो सांगा, मरेपर्यंत शर्टांना इस्त्री करून फेडेन. पण तिथे कुणी राहत नाही असं लिहायचं नाही. मी राहते."

मग वहीतून वाचलं. चॉपचं वाचलं, लिफ्टचं वाचलं. १९ मेचंही वाचलं, दोन शब्द. त्या बाईंनी नाक शिंकरलं, सर्दी होतीच म्हणा.

तेवढ्यात मागून थुआन उठला! कधी येऊन बसला होता कोण जाणे. "मी नऊ वर्षं खोटं बोललो," म्हणाला. "वकीलबाईंशीसुद्धा बोललो. ती तिथेच राहते. तिचे स्कोन थोडे कोरडे असतात." स्कोनचं सांगायची गरज नव्हती.

बाईंनी कोटवाल्याला विचारलं, "तुम्ही जुनी कागदी फाइल बघितलीत?"

"कॉम्प्युटरवर सगळं आहे."

"ते नाही विचारलं."

नव्हती बघितली. लेसिएलीने फाइल मागणारी तिची तिन्ही पत्रं पुढे ठेवली. हुकूम झाला — दहा दिवसांच्या आत फाइल आणा, तिची प्रत दुसऱ्या बाजूला द्या, आणि तोवर ह्या बाईंच्या दाराला हात लावायचा नाही.

ह्या बाईंच्या दाराला! असं म्हणाल्या.

१० ऑगस्ट

थुआनला स्कोन नेऊन दिले. लोण्यात भिजवलेले. आता बोल म्हणावं.

१८ ऑगस्ट, गुरुवार

फाइल आली. लेसिएलीने फोनवर काही सांगितलं नाही, बोलावून घेतलं. फाइल टेबलावर ठेवली, माझ्यासमोर एक पान उघडलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसली.

क्लेमचं अक्षर. तारीख ११ मार्च २००२. मी आले चारला. सात दिवस! 'बरं, म्हातारे' म्हणाल्यावर सात दिवस दम निघाला नाही त्याला!

'घरात राहणारी अन्य व्यक्ती — मर्ना हॉस्किंग. नातं — बायको. कळवण्याचं कारण — मी आधी गेलो तर घर तिला राहावं.'

खाली डेसचा शेरा. 'बाईंची सही मिळणार नाही. कारण समजलं. दोघांच्या कमाईवर भाडं लावलं.' सही नव्हती म्हणून कॉम्प्युटरने पुढे नाव घेतलं नाही, वाढीव भाडं तेवढं क्लेमकडून घेतलं. आता फेडायचा एका पैशाचा फरक नाही. त्याची शनिवारची बिअर मी नव्हती सोडवली. तंबाखूही नाही.

मग तपासणीचे कागद, वर्षावर्षाचे. सगळ्यांवर जवळपास तेच. 'दोघांचं घर. स्वच्छ. बाई समोरच्या घरात लपल्या आहेत. क्लेमने त्यांचाही चहा ओतून ठेवला. हाक मारू देत नाही, म्हणतो तिची मर्जी.'

खोटारडा. मेला. किती रडले.

ऑफिस घर माझ्या नावाने करून देतंय. सही केली, नाव नीट सुटं सुटं लिहून.

माझं नाव त्यांच्या कागदावर दिसलं तर बॅग उचलेन म्हटलं होतं. घरी येऊन कपाटावरून काढली, धूळ पुसली आणि नुरजानला देऊन आले. चेन चांगली आहे तिची.